गळाची काठी, विळ्याची मूठ व आपला हात

एखादें काम करून हात दुखूं लागला म्हणजे आपण त्या कामास दोष देतों, किंवा आपल्या अशक्तपणास दोष देतों. परंतु ज्या मुठीनें तें हत्यार धरिलें त्या मुठीकडे सहसा कोणी पाहत नाहीं. प्रस्तुत लेखांत त्या मुठीचाच थोडा विचार करावयाचा आहे. हा विचार सुचण्यास एक लहानसा प्रसंग कारण झाला, तो प्रथम सांगतों.

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या नववीच्या वर्गांतील एक विद्यार्थी मोसम नदीच्या वरच्या अंगास, हरणबारी धरणाच्या बाजूस, आपल्या मामाच्या गांवीं गेला होता. मामास गळानें मासे धरण्याचा भारी नाद. त्यानें भाच्यासही एक वेळूची काठी करून दिली. सुटी संपून शाळा भरली तेव्हां ह्या मुलाचें उजवें मनगट फडक्यानें बांधलेलें दिसलें. "काय रे, पडलास कीं काय?" म्हणून विचारलें, तर म्हणाला, "नाहीं गुरुजी, तीन दिवस काठी धरली. मासे मिळाले दोन, तेही बोटाएवढे. हात मात्र असा धरला आहे कीं दप्तर उचलवत नाहीं." सारा वर्ग हंसला, व खरें सांगावयाचें तर मीही हंसलों. पण दोन बोटांएवढ्या माशांनीं पंधरा वर्षांच्या धडधाकट मुलाचा हात कसा दुखावा, हा प्रश्न कांहीं मनांतून जाईना. शेवटीं त्याला काठी घेऊन येण्यास सांगितलें.

काठी सुमारें आठ फूट लांब होती. बुंध्याशीं ती अंगठ्याएवढीच जाड असून वरून चकचकीत रोगण दिलेलें होतें. दिसावयास सुरेख, पण जिला मूठ म्हणावी अशी कांहीं वस्तु तिला नव्हती. मुलगा ती अगदीं बुंध्याच्या टोकाशीं, एकाच हातानें धरीत असे. दुखण्याचें मूळ तेथेंच सांपडलें. तें समजण्यास पदार्थविज्ञानाच्या तासांतील तरफेचा पाठ आठवावा लागेल.

तरफेचे तीन वर्ग आपण शिकतों. कात्री पहिल्या वर्गांतील, अडकित्ता दुसऱ्या व चिमटा तिसऱ्या. गळाची काठी चिमट्याच्या पंक्तींतील आहे. तिचा बुंधा जेथें कोपराशीं किंवा कमरेशीं टेकतो तेथें टेकू. हात धरतो तेथें बल. आणि शेंड्याशीं दोरी ओढणारा मासा हा भार. ह्या वर्गाच्या तरफेंत बल नेहमींच भारापेक्षां जास्त लागतें, कारण हात टेकूच्या जवळ असतो व भार दूर. समजा, काठी 240 सेंटिमीटर लांब आहे, हात टेकूपासून 30 सेंटिमीटरांवर आहे, व मासा एक किलो वजनाइतक्या जोरानें काठीशीं काटकोनांत ओढीत आहे. मग हातास 240 भागिले 30, म्हणजे आठ किलोंइतका जोर लावावा लागेल. तोच हात टेकूपासून 45 सेंटिमीटरांवर नेला, तर लागणारा जोर सव्वापांच किलोंहून थोडा अधिक, एवढाच राहील. मासा तोच, काठी तीच; केवळ धरण्याची जागा वीतभराहूनही कमी सरकविल्यानें एकतृतीयांश श्रम वांचले.

आतां आमच्या विद्यार्थ्याची गोष्ट पाहा. त्यानें काठी टोकाशीं एकाच मुठींत धरलेली. तेव्हां टेकू व बल हीं दोन्ही त्याच्या एका मुठींतच आलीं: तर्जनीच्या बाजूस एक, करंगळीच्या बाजूस दुसरें, आणि दोहोंमधील अंतर फार तर 8 सेंटिमीटर. 240 भागिले 8 म्हणजे 30. अर्ध्या पावशेराच्या मासळीनेंही झटका दिला कीं मुठीच्या दोन्ही कडांवर त्याच्या तिसपट जोर येणार! हा हिशोब ढोबळ आहे. कारण काठी वांकते, आणि वांकल्यानें भाराचें आडवें अंतर कमी होऊन हाताचा भार हलका होतो. लवचिक काठी ही केवळ तुटूं नये म्हणून लवचिक नसते, ती धरणाराचा हातही राखते. तथापि आमच्या मुलाची काठी जाड वेळूची, फारशी न वांकणारी होती. शिवाय मासा नसतांनाही काठीचें स्वतःचें वजन दिवसभर त्याच हिशोबानें मनगटावर पडत होतें, हें विसरूं नये. मासे दोन मिळाले, पण काठी तीन दिवस तोलली.

हें झालें काठीचें. आतां हाताकडे वळूं. मनुष्याच्या एका हातांत, मनगट धरून, 27 हाडें आहेत. बोटें मिटण्याचें बल बोटांत असतें असें आपणांस वाटतें, परंतु तीं ओढणारे मोठे स्नायु कोपर व मनगट ह्यांच्यामध्यें असतात. तेथून दोऱ्यांसारखे लांब कंडरे निघून मनगटांतील एका अरुंद बोगद्यांतून तळहातांत उतरतात. ह्या बोगद्यांतून नऊ कंडरे व एक मोठा मज्जातंतु इतकी मंडळी जाते. मनगट सरळ असलें म्हणजे सर्वांस वाट मिळते. तें वांकडें करून वर मूठ आवळली कीं कंडरे एका कोपऱ्यावर घांसतात व मज्जातंतु दाबला जातो.

ह्याचा प्रयोग येथल्या येथें करून पाहा. पेन्सिल मुठींत घट्ट धरा व मनगट सरळ ठेवा. शेजाऱ्यास ती ओढून काढण्यास सांगा. निघणार नाहीं. आतां मनगट आंतल्या बाजूस होईल तितकें वांकवा व पुन्हां तेंच करा. पेन्सिल सहज सुटून येते. बोटांची शक्ति कांहीं पळांत नाहींशी झाली नाहीं. स्नायु आंखूड पडल्यामुळें त्यांस नीट ओढतां येईना. जो कामकरी वांकड्या मनगटानें हत्यार धरतो, तो तेंच काम करण्यास जास्त जोर लावीत असतो, व त्याचा त्याला पत्ताही नसतो.

हात वस्तु कशी धरतो ह्याचा शास्त्रीय विचार नेपियर नांवाच्या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञानें 1956 सालीं मांडला. त्यानें पकडीचे दोन मुख्य प्रकार सांगितले: एक जोराची पकड, जशी हातोडा किंवा कुऱ्हाड धरतांना, जींत चारही बोटें वस्तूभोंवतीं गुंडाळून ती तळहातावर दाबली जाते, व दुसरी नाजूक पकड, जशी लेखणी धरतांना, जींत अंगठा व बोटांचीं अग्रें ह्यांचेंच काम असतें. वस्तु केवढी आहे ह्यापेक्षां तिच्याकडून काय काम करून घ्यावयाचें आहे ह्यावर पकड ठरते, हें त्याचें म्हणणें मार्मिक आहे. आमच्या विद्यार्थ्याची काठी अंगठ्याएवढी बारीक म्हणून ती नाजूक पकडीनें धरावीशी वाटे, आणि काम तर जोराचें! बारीक मुठीवर बोटें पूर्ण मिटून तळहातांत रुततात व स्नायु पुन्हां आंखूड पडतात. फार जाड मुठीवर बोटें भोंवतीं पोंचतच नाहींत. जोराच्या कामास साधारणपणें सव्वा ते दीड इंच जाडीची मूठ मोठ्या माणसाच्या हातास मानवते. सोपी खूण अशी कीं, मूठ धरली असतां अंगठ्याचें टोक मधल्या बोटाच्या टोकास नुकतें टेकावें किंवा किंचित् त्यावर यावें.

तिसरा मुद्दा घर्षणाचा. ओल्या, चकचकीत काठीस हात सुटूं नये म्हणून आपण ती नकळत अधिक आवळतों. पृष्ठभागाचें घर्षण दुप्पट झालें तर तेवढीच वस्तु न निसटूं देण्यास आवळ अर्धी पुरते. म्हणूनच पाश्चात्य देशांत गळाच्या काठीच्या मुठीस पूर्वीपासून बुचाचें आवरण घालतात. हें बूच म्हणजे एका जातीच्या ओक वृक्षाची साल. पोर्तुगाल देशांत ह्या झाडांचीं मोठीं रानें आहेत, आणि एकदां साल काढली कीं पुन्हां नऊ वर्षें त्या झाडास हात लावीत नाहींत. बूच हलकें, हातास ऊबदार व ओलें झालें तरी न घसरणारें असतें. अलीकडे त्याच्या जागीं रबरासारखा कृत्रिम फेसही वापरतात.

मुठीच्या ह्या विद्येचा खरा कस लागतो तो उत्तर अमेरिकेंतील 'मस्की' नांवाचा मासा धरतांना. मोठ्या सरोवरांच्या प्रदेशांतील हा हिंस्र मासा चार फुटांपर्यंत वाढतो, आणि इतका दुर्मिळ व लहरी आहे कीं त्याला तिकडे 'दहा हजार फेकींचा मासा' असें म्हणतात. त्याच्यासाठीं वीतभर लांब, वजनदार लांकडी किंवा रबरी आमिष दिवसांतून शेंकडों वेळां दूर फेकावें व ओढून घ्यावें लागतें. मासा मिळो वा न मिळो, खांदा, कोपर व मनगट ह्यांस विसांवा नाहीं. म्हणून तेथील लोकांनीं हळूहळू मुठीचा मागचा भाग लांब केला, म्हणजे एक हात पुढें व एक मागें धरून फेकतां येतें आणि ओढतांना तो भाग कोपराखालीं किंवा कुशीशीं दाबतां येतो. वर हिशोब केलेले 30 व 45 सेंटिमीटर येथें कामास येतात.

आपल्याकडे ह्या तोडीचा मासा म्हणजे महाशीर. हेन्री सलिव्हन थॉमस ह्या मद्रास इलाख्यांतील मुलकी अधिकाऱ्यानें हिंदुस्थानांतील गळाच्या मासेमारीवर 1873 सालीं एक ग्रंथ लिहिला. त्यांत महाशिराचें प्रकरण फार विस्तृत आहे. वाहत्या पाण्यांतील हा बळकट मासा गळ लागतांच जी पहिली धांव घेतो ती सांवरणें कठीण. धरणें, वाळूउपसा व बेसुमार मासेमारी ह्यांमुळें तो आपल्या नद्यांतून पुष्कळ कमी झाला आहे. लोणावळ्याच्या वळवण तलावापाशीं टाटांच्या वीज कंपनीनें 1970 नंतरच्या दशकांत ह्या माशाची पैदास करण्याचें केंद्र चालविलें. महाडजवळ काळ नदीवरील वाळण कोंडींत तर देवीचे म्हणून ह्या माशांस कोणी धरीत नाहीं. ज्यांस महाशीर पाहावयाचा आहे त्यांनीं तेथें काठी न नेतां जावें, हें बरें. मुलांनीं इतकें ध्यानांत ठेवावें कीं, धरण-तलावांतील मासेमारीचा हक्क पुष्कळदां मच्छीमारांच्या सहकारी संस्थांकडे असतो. त्यांची परवानगी घेतल्याशिवाय गळ टाकूं नये.

असो. आम्हीं वर्गांत त्या वेळूच्या काठीस मूठ करण्याचें ठरविलें. बुंध्यापासून दीड फुटापर्यंतचें रोगण कांचेच्या कागदानें खरवडून काढलें. त्यावर सुतळी घट्ट, एकास एक लागून गुंडाळली, व तिच्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून बसविली. जाडी बरोबर सव्वा इंच झाली. मुलास शिकविलें तें एवढेंच: एक हात मुठीच्या वरच्या टोकास, बुंधा कोपराखालीं दंडाच्या बाजूनें टेकलेला, मनगट सरळ, आणि मासा नसेल तेव्हां काठी दगडाच्या बेचक्यांत ठेवून हात मोकळा. नाताळच्या सुटींत तो पुन्हां मामाकडे जाऊन आला. "काय रे, कसें झालें?" "मासे तेवढेच, गुरुजी. पण हात दुखला नाहीं."

येथें हा लेख संपला असता. परंतु पुढच्याच महिन्यांत पालकसभेस त्या मुलाची आई आली. मी काठीची गोष्ट मोठ्या हौसेनें सांगितली. तिनें ती ऐकून घेतली, व मग पदराखालचा उजवा हात पुढें करून म्हणाली, "गुरुजी, ह्याचा हात तीन दिवसांचा. माझा गेल्या चैत्रापासून असाच आहे." अंगठ्याच्या मुळाशीं, मनगटाच्या कडेवर, सूज स्पष्ट दिसत होती. गेल्या वर्षीं उन्हाळ कांद्याची पात कापण्यास ती रोजानें जात होती. डाव्या हातांत कांदा, उजव्या हातांत विळा. दिवसांतून किती हजार वेळां मनगट वळलें असेल, ह्याची गणती कोण करतो? काठीचा एवढा तरफेचा हिशोब करणाऱ्या मला, ज्या गांवांत घरोघरीं कांदा आहे त्या गांवांत राहूनही, विळ्याचा हिशोब करण्याची बुद्धि झाली नव्हती, ह्याची मला लाज वाटली.

तिला प्रथम दवाखान्यांत जाण्यास सांगितलें, कारण असली सूज मुठीच्या आवरणानें बरी होत नाहीं. अंगठ्याच्या कंडऱ्यांचें हें दुखणें स्विस शस्त्रवैद्य द कर्व्हां ह्यानें 1895 सालीं वर्णिलें. त्याला विश्रांति व वैद्याचा इलाज हाच खरा उपाय. तसेंच ज्यांच्या अंगठ्यास, तर्जनीस व मधल्या बोटास रात्रीं मुंग्या येऊन जाग येते, त्यांनीं तेल चोळीत बसूं नये; बोगद्यांतील मज्जातंतु दाबला जात असण्याचा संभव असतो, व तेथें उशीर केल्यास अंगठ्याची शक्ति जाते.

मग तिचा विळा मागविला. लांकडी मूठ पाऊण इंचाहून बारीक, घामानें गुळगुळीत, शेवटास फुटलेली. पात्याची धार तर बोथटच. बोथट धारेस जास्त ओढ, जास्त ओढीस जास्त आवळ, बारीक मुठीवर ती आवळ अंगठ्यानें पुरवावयाची: असें हें एकावर एक चढलेलें होतें. गांवच्या सुतारदादांकडे विळा नेला. "मूठ किती जाड करूं?" असें न विचारतां त्यांनीं विचारलें, "धरणार कोण?" हा प्रश्न विद्यापीठांतील पंडितांसही शोभला असता. त्यांनीं बाईंच्या हाताचें माप सुतळीनें घेतलें, बाभळीच्या लांकडाची मूठ घडविली, ती अगदीं गोल न ठेवतां किंचित् लंबगोल केली म्हणजे विळा मुठींत फिरत नाहीं, आणि करंगळीच्या बाजूस थोडी फुगीर ठेविली म्हणजे निसटूं नये म्हणून आवळावें लागत नाहीं. कुऱ्हाडीचा दांडा ते असाच करतात; कोणा शास्त्रज्ञानें त्यांना शिकविलें नव्हतें. बाजारांतील कांहीं मुठींवर बोटांसाठीं खांचा पाडलेल्या असतात, त्यांविषयीं ते म्हणाले, "त्या खांचा ज्याच्या बोटांच्या, त्यालाच बऱ्या." हें अक्षरशः खरें आहे; बोटें खांचेंत न बसतां तिच्या कडेवर बसलीं तर मूठ उलट जास्तच टोंचते.

ज्या शास्त्रांत कामाचा व शरीराचा असा मेळ घातला जातो त्याला अर्गॉनॉमिक्स म्हणतात. हा शब्द 'काम' व 'नियम' ह्या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून बनला असून यास्त्रशेंबोव्स्की ह्या पोलिश विद्वानानें तो 1857 सालीं प्रथम योजिला. पुढें 1949 सालीं इंग्लंडांत मरेल ह्यानें तो पुन्हां रूढ केला. त्याही पूर्वीं रामात्सिनी ह्या इटालियन वैद्यानें कारागिरांच्या रोगांवरील आपल्या ग्रंथाच्या 1713 सालच्या आवृत्तींत दिवसभर लेखणी चालविणाऱ्या कारकुनांच्या हातांचें दुखणें नमूद केलें होतें. परीक्षेच्या दिवसांत लेखणी आवळून धरणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं तें ध्यानांत घ्यावें. आपल्याकडे दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठानें भातकापणीसाठीं 'वैभव' नांवाचा दातेरी विळा प्रचारांत आणला. त्याच्या पात्यास करवतीसारखे दाते असल्यानें झटका न मारतां ओढून कापतां येतें. कांद्याच्या पातीस तो कितपत सोयीचा पडतो हें आपल्या शेतांत एकदां करून पाहण्याजोगें आहे.

रांगडा कांदा निघाला तेव्हां ती बाई नवा विळा घेऊन कामास गेली. हात पूर्णपणें बरा झाला असें ती म्हणाली नाहीं. वैद्यानें सांगितल्याप्रमाणें महिनाभर तिनें काम सोडलें होतें, त्या महिन्याच्या रोजाची भरपाई कोणत्याही मुठीनें होणार नव्हती. परंतु संध्याकाळीं भाकरी थापतांना अंगठा पूर्वीसारखा ठणकत नाहीं, एवढें तिनें मुलाकडून कळविलें. शेजारणीनें एक दिवस तो विळा मागून नेला व दुपारींच परत आणून दिला. तिचा हात लहान, तिला ती मूठ जाड झाली. तिच्या मापाची सुतळी आतां सुतारदादांच्या खुंटीवर लटकत आहे, आणि तिच्या शेजारीं आणखी सात-आठ सुतळ्या, प्रत्येकीस नांवाची चिठ्ठी बांधलेली. उन्हाळ कांदा निघण्यापूर्वीं ज्या मुलांस आपल्या आईच्या हाताचें माप द्यावयाचें असेल त्यांनीं तें असें घ्यावें: बाईंनीं अंगठा व मधलें बोट ह्यांचीं टोकें एकमेकांस टेकवून कडें करावें, त्या कड्याच्या आंतून जी जाडांत जाड गोल काठी बोटें न सुटतां जाईल तिच्याभोंवतीं सुतळी गुंडाळून गांठ मारावी, आणि ती कोणाची हें चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरांत लिहावें.